ब्रश शिकवायचे दिवस

माझा मुलगा मोबाइल बघता बघता दाढी करतो. घुर्रर्र आवाज होतो, दोन मिनिटांत साहेब तयार. मी म्हणतो, "अरे, शेताच्या धुऱ्यावरचं गवतसुद्धा यापेक्षा मायेनं कापतात." तो म्हणतो, "बाबा, तुम्हाला अर्धा तास लागतो." लागतो ना! माझ्याकडे ब्रश आहे, आणि तो शिकलेला ब्रश आहे.

ब्रश शिकतो, हे माझ्या बाबुजींचं म्हणणं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. तिरोड्याजवळच्या खेड्यात आमची धानाची शेती. रोवणीचे दिवस असोत की घरचं लग्न, बाबुजींची दाढी रोज सकाळी घरापुढच्या छपरीत व्हायचीच. केस कापायला ते न्हाव्यापुढे बसत, पण दाढीला कधीच नाही. "गळा कोणापुढं वर करायचा नाही," असं त्यांचं ठाम मत होतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

ब्रश घ्यायला ते गोंदियाच्या बाजारात जात, आणि मला सोबत नेत. दुकानदार डबा पुढे सरकवायचा आणि डोक्याला हात लावून बसायचा. बाबुजी एकेक ब्रश मनगटावर दाबून बघत, केस उलट्या बाजूला वाकवत, चिमटीत धरून ओढत, शेवटी नाकाशी नेत. खऱ्या केसाच्या नव्या ब्रशाला बोकडासारखा वास येतो. वास नाही म्हणजे नायलॉन मिसळलं आहे. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "बाबूजी, ब्रश ले रहे हो या बैल?" बाबुजी शांतपणे म्हणाले, "बैल होता तो दाँत देखता."

घेतलेला ब्रश लगेच वापरायचा नाही. नव्या गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतं का? तसंच हे. रात्री ब्रश लोट्यातल्या पाण्यात भिजवायचा, सकाळी साबणावर फिरवून फेस काढायचा, धुवायचा, झटकायचा आणि खिळ्याला उलटा टांगायचा. असं सात दिवस. सुरुवातीला केस गळतात, टोचतात. मग टोकं फुटतात आणि ब्रश मऊ पडतो. डुकराचे केस म्हणून आई त्याला घरात पाऊल ठेवू देत नसे, त्यामुळे त्याचा मुक्काम कायम छपरीतच.

आणि हा फेस काढायचा कुठे? माझ्या गालावर. "पोराच्या गालाले खुंट नाही, बरस लवकर शिकते," म्हणत बाबुजी मला पुढ्यात बसवत आणि कानापासून हनुवटीपर्यंत फासून काढत. फेस नाकात जायचा, मी शिंकायचो, ते माझी मान धरून पुन्हा सरळ करायचे. एरवी बाबुजी हात लावत ते फटका द्यायलाच. जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं असले लाड आमच्या घरात नव्हते. पण दर दोन-तीन वर्षांनी नवा ब्रश आला की मला सात दिवस राजाची वागणूक मिळायची. जुन्या ब्रशाचे केस गळायला लागले की मला मनातून आनंद व्हायचा. पुढे मलाच दाढी आली, मी गोंदियाला राइस मिलमध्ये लागलो आणि ते सगळं बंद झालं.

मग चार वर्षांपूर्वी बाबुजींना लकवा आला आणि आम्ही सगळे गावी राहायला आलो. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. जिभेचा तिखटपणा मात्र तसाच राहिला. महिनाभरात दाढी छातीकडे निघाली. आम्ही न्हावी बोलावला, त्याला त्यांनी डाव्या हातानं हाकलून लावलं. मुलगा आपली मशीन घेऊन गेला, तर म्हणाले, "मी का मेंढी आहो?" मी वस्तरा हातात घेतला, तर तोंड भिंतीकडे. त्या दाढीची त्यांना इतकी लाज वाटायची की ते छपरीत येईनात. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून पडून राहत. खाणंही कमी झालं. माणूस आतल्या आत विझून चालला होता आणि मला ते बघवत नव्हतं.

एका सकाळी हात जोडून म्हटलं, "बाबुजी, कायले असं करून राहिले? करू द्या ना मले." त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "बरस कुठी आहे?" जुना ब्रश खिळ्यावरच होता, पण त्याला टक्कल पडलं होतं. "नवा आण. शिकवल्याबिगर माह्या तोंडाले लावू नको."

मी त्याच दिवशी गोंदिया गाठलं. जुन्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. शेवटी न्हाव्यांचं सामान विकणाऱ्या ठोक दुकानात ब्रश सापडले. वाकवले, ओढले, वास घेतला. दुकानातला पोरगा हसत होता; म्हटलं हस लेका, तुझे दिवस आहेत. दोन ब्रश घेतले.

पण सात दिवस थांबायचा धीर कोणाला? बाबुजींचं मन फिरलं तर? तीस वर्षं मी मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा, तांदूळ केला आहे. धान गरम पाण्यात भिजवायचं, वाफ द्यायची, मग वाळवायचं. माझ्या दीड शहाण्या डोक्यात आलं, केसाचं तरी वेगळं काय असणार? पहाटे उठलो, बायको ज्या पातेल्यात दूध तापवते त्या गंजात पाणी उकळलं, ब्रश त्यात सोडला आणि वर झाकण ठेवलं. पंधरा मिनिटांनी झाकण काढलं तर दांडा एकीकडे आणि केस भाजीसारखे पाण्यावर तरंगत होते. बुडाचा गोंद पार विरघळला होता. तेवढ्यात बायको आली. "डुकराचे केस? माझ्या दुधाच्या गंजात?" पुढचं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. गंज अंगणात गेला आणि त्याच्या मागोमाग मी.

हा आरडाओरडा बाबुजींनी खाटेवरून ऐकला. त्यांनी हाक मारली. मी नुसता दांडा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो, पन्नाशी ओलांडलेला माणूस. त्यांनी दांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काऊन रे, धान समजून उसनला का?" आणि हसले. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा.

"दुसरा आण," म्हणाले. "मी शिकवतो. बस इथं."

मी त्यांच्यापुढे पाटावर बसलो. डाव्या हातात त्यांनी ब्रश धरला. त्या हाताला सवय नव्हती, फेस कमी आणि पाणी जास्त. फेस नाकात गेला, कानात गेला, बनियन भिजलं. मी शिंकलो तर ब्रश खाली ठेवून त्यांनी माझी मान धरली आणि सरळ केली. अगदी तशीच! मुलगा दारात उभा राहून फोटो काढायला लागला, त्याला मी डोळे वटारून पिटाळलं. रोज सकाळी हा कार्यक्रम. चौथ्या दिवशी बाबुजी म्हणाले, खाट छपरीत घ्या, इथं उजेड कमी आहे. पाचव्या दिवशी त्यांनी दुसरी भाकर मागितली.

आठव्या दिवशी माझ्या गालाला फेस फासून झाल्यावर मी ब्रश मनगटावर दाबून बघितला. रेशमासारखा मऊ. म्हटलं, "बाबुजी, शिकला जी."

"तो तं तिसऱ्याच दिवशी शिकला होता," ते म्हणाले.

"मंग बाकीचे दिवस कायले?"

त्यांनी माझ्या कानातला फेस बोटानं पुसला. मला एकदम काहीतरी आठवलं. विचारलं, "आन् मी लहान होतो तवा?"

"तवाबी तिसऱ्याच दिवशी."

मला हुंदका आवरेना. गालावर फेस होता म्हणून बरं. बाबुजींनी ब्रश माझ्या हातात दिला, उशीला टेकले आणि माझ्यापुढे गळा वर केला.