आण्णांच्या पिकअपची मागची काच

आमच्या घरात दोन गोष्टी जुन्या आणि दोन्ही माझ्याच गळ्यात. एक आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि दुसरी त्यांची पिकअप. पिकअप माझ्यापेक्षा थोडीशीच लहान. ती बनवणारी कंपनी मी शाळेत असतानाच बंद पडली. त्यामुळं तिचं काही मोडलं की ते विकत मिळत नाही, कुणाच्या तरी हातापाया पडून बनवून घ्यावं लागतं.

ह्या पिकअपमधून आण्णांनी वेल्हे खोऱ्यातलं दूध वर्षानुवर्षं भोरला वाहिलं. ते चालवायचे आणि मागं हौद्यात कॅन भरायला एक माणूस असायचा. कॅन चढले, माणूस नीट बसला, की तो मागच्या काचेवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायचा. मगच आण्णा गिअर टाकायचे. अगदी सुरुवातीला एकदा त्यांनी टकटक न ऐकताच गाडी काढली होती आणि मागचा माणूस कॅनसकट रस्त्यावर आला होता. तो वाचला, पण आण्णांच्या मनात जी धास्ती बसली ती बसलीच.

आता आण्णांना फारसं काही आठवत नाही. सून कोण, वार कोणता, जेवण झालंय की व्हायचंय, सगळं पुसलं गेलं. टकटक मात्र शिल्लक आहे. ती ऐकल्याशिवाय ते कुणालाही गाडी हलवू देत नाहीत. हँडब्रेक मुठीत धरून बसतात. दूध वाहिलेली मूठ आहे ती, माझ्याच्यानं सुटत नाही.

हे सगळं गमतीचं वाटलं असतं, पण साखरेमुळं त्यांच्या उजव्या पायाला जखम झाली. एक दिवसाआड भोरला नेऊन डॉक्टरांकडून मेलेलं मांस काढून घ्यायचं आणि नवी पट्टी बांधायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "खाडा करू नका. काळं वर सरकलं तर पाय घोट्यापासून काढावा लागेल." तेव्हापासून आमची पद्धत ठरून गेली. मी स्टेअरिंगवर, आण्णा शेजारी, बायको मागं हौद्यात पोत्यावर. ती डोक्याला स्कार्फ बांधायची आणि काचेवर टकटक करायची. आण्णा ऐकायचे, हँडब्रेक सोडायचे आणि म्हणायचे, "चल." आमच्या मार्गासनी गावापासून भोरपर्यंत ती बिचारी धूळ खात यायची.

अशात एका दिवशी मी तहसीलीच्या कामाला वेल्ह्याला निघालो होतो. वाटेत वरच्या वस्तीवरचे, मेंढरं पाळणारे एक मामा हात करून उभे. शेजारी एडका, शिंगं पिळदार. त्याला बाजारात न्यायचा होता. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार. मामा आणि एडका मागं चढले. थोडं पुढं गेलो नाही तोच मानेमागं बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि काच माझ्या शर्टाच्या कॉलरमधून आत गेली.

उतरून बघतो तर एडका अजून तावातच होता.

"मामा, काय झालं हो?"

"काय न्हाई. त्येला काचंत दुसरा एडका दिसला."

"आत मी बसलो होतो, मामा."

"व्हय. त्येच म्हंतोय म्या."

त्या वेळी मीसुद्धा हसलो. वाटलं, काचच तर आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टीचा दिवस. आण्णा बसले, मी गाडी सुरू केली, बायकोनं मागून पत्र्यावर हात मारला. आण्णा ढिम्म. तिनं टपावर मारला. तिनं मोकळ्या भोकातून हात आत घालून माझ्याच पाठीत मारला. आण्णांनी हँडब्रेक सोडला नाही. "मानूस चढला न्हाई अजून," ते म्हणाले.

"आण्णा, चढली हो. ही काय, तुमची सून."

"गप. कोण खाली पडलं म्हंजी?"

शेजाऱ्याची चारचाकी आणली, तर ते दारात पाय रोवून उभे. दोघातिघांनी धरून आत घालायला गेलो तर त्यांनी अशी झटापट केली की जखमेचा पाय दाराच्या कडेला आपटला. त्यांना त्या पायात काही कळत नाही, त्यामुळं ओरडलो आम्हीच. पट्टी लाल झाली. पुन्हा जबरदस्ती करायची नाही, असं बायकोनं मला अंगणातच सांगितलं आणि ज्या आवाजात सांगितलं त्यावर काही बोलायची सोय नव्हती.

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की घरातले लोक सावध होतात. घरातल्या कपाटाच्या काचेवर टकटक केली, मोबाईलवर रेकॉर्ड केली, आणि आण्णांना गाडीत बसवून त्यांच्या डोक्यामागं मोबाईल धरून वाजवली. आण्णांनी वळून माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"फोन आलाय तुजा. उचल की."

पट्टीचा दिवस तसाच गेला. संध्याकाळी बायकोनं घरीच पट्टी बदलली. तिनं पदर नाकाला लावला आणि मला जवळ बोलावलं. करंगळीच्या बुडाशी काळी कड दिसत होती. आण्णा खाटेवर बसून आमच्या दोघांच्या डोक्यांकडं कौतुकानं बघत होते, आम्ही जणू त्यांच्या पायाची पूजा करतोय.

सकाळी नसरापूरला पळालो. पाट्या बनवणाऱ्याकडून प्लॅस्टिकची पारदर्शक शीट कापून आणली, स्क्रूनं ठोकली. दिसायला काच. बायकोनं टकटक केली तर आवाज आला भद्‌भद्‌. आण्णा म्हणाले, "कॅन पालथा झाला," आणि दार उघडून उतरायला लागले.

मग हायवेला, कापूरहोळच्या अलीकडं, एका भंगारवाल्याकडं जुन्या गाडीची मागची काच मिळाली. आमच्यापेक्षा बोटभर रुंद. मला तर देवच भेटला. ती घेऊन सरकत्या खिडक्या बसवणाऱ्याकडं गेलो आणि म्हणालो, बोटभर कापून द्या. त्यानं ऐटीत मोजपट्टी ठेवली, हिऱ्याच्या कटरनं रेघ मारली, खालून हलकेच टिचकी दिली. सबंध काच एकाच क्षणी मक्याच्या दाण्यांसारखी टेबलावरून खाली ओघळली. आमच्या हातांत काहीच उरलं नाही.

"भाजून कडक केलेली काच असणार," तो चपलेतले दाणे झटकत म्हणाला. "असली कापता येत न्हाई."

"मग कापली कशाला?"

"तुमीच म्हणाला कापा."

म्हणालो होतो खरा.

तिथंच रस्त्याकडेला उभं राहून डॉक्टरांना फोन केला. करंगळीचं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या आणा. कसंही करून आणा. परवा आणलंत तर मी काय सांगणार, ते तुम्हाला माहीत आहे." मी हो म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे. हायवेवरून एकामागून एक गाड्या जात होत्या, प्रत्येकीला मागं काच होती आणि मला प्रत्येकीचा हेवा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुठ्ठ्यावर भोकाचं माप घेतलं. कोपरे गोल, म्हणून ताटाच्या कडेनं रेघा मारल्या. रबराच्या खाचेसाठी किती सोडायचं ह्यावरून बायकोशी वाद झाला, आणि ती म्हणाली तेवढंच सोडलं. रिकामी पिकअप घेऊन भोर गाठलं. काचवाल्यानं दोन काचांच्या मध्ये पापुद्रा असलेली, कापता येणारी काच बरोबर पुठ्ठ्यासारखी कापून दिली. बसवणारा माणूस मात्र लग्नाला गेला होता. "संध्याकाळपर्यंत येईल," काचवाला म्हणाला. मला संध्याकाळी आण्णांना घेऊन इथंच, दवाखान्यात यायचं होतं.

काच गोधडीत गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. भाटघरपासून पुढं प्रत्येक गतिरोधकावर मी अशी गाडी काढली की मागची एसटी हॉर्न देऊन देऊन दमली. एका खड्ड्यात गोधडी कुरकुरली तेव्हा मी चालत्या गाडीत मोठ्यानं "माफ करा" म्हणालो. कुणाला, माहीत नाही.

बसवायची पद्धत काचवाल्यानं सांगितली होती. काचेच्या कडेनं रबर चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत सगळीकडून दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं आणि काच बाहेरून भोकाला टेकवायची. मग एकानं आतून दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावरून आत येतो. त्याच वेळी दुसऱ्यानं बाहेरून तळव्यानं दाबत राहायचं. ऐकायला सोपं. बायको आत, मी हौद्यात गुडघ्यांवर.

सुतळी अर्ध्यावर तुटली. काच निम्मी आत, निम्मी माझ्या छातीवर.

"धरा! हलू नका!" म्हणत बायको घरात पळाली आणि परकराची नाडी घेऊन आली. पुन्हा पहिल्यापासून.

"दाबा. अहो, दाबा म्हंते ना!"

"फुटेल!"

"फुटली तर फुटली. दाबल्याशिवाय बसनार हाय का ती?"

आतून ती ओढत होती, बाहेरून मी दाबत होतो, मध्ये काच. तिचा चेहरा मला दिसत होता, माझा तिला. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांकडं इतका वेळ बघितल्याचं मला आठवत नाही. शेवटच्या कोपऱ्याला रबर अडलं. मी दाबलं आणि कुठंतरी कर्र वाजलं. तिनं डोळे मिटले आणि नाडी ओढली. रबर फट्‌ करून बसलं. काचेला एका कोपऱ्यात नखाएवढी चीर गेली होती. तेवढीच.

आम्ही आनंद वगैरे काही केला नाही. तिनं हात धुतले, आण्णांना सदरा घातला. मी त्यांना गाडीत बसवलं, इंजिन सुरू केलं. बायको मागं चढली. टक, टक.

आवाज जुन्या काचेसारखा नव्हता. थोडा दबका. आण्णांनी मान तिरकी केली. हँडब्रेकवरची मूठ तशीच. मी समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिलो. त्यांच्याकडं बघायची छाती झाली नाही.

मग ते मागं वळून ओरडले, "जेवला न्हाईस का रं? नीट वाजव की!"

बायकोनं असं वाजवलं की मला वाटलं, ती चीर आता सबंध काचभर जाणार. गेली नाही. मूठ सुटली.

"चल," आण्णा म्हणाले.

भोर येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते, आणि मी वाटेत कुठंही गाडी थांबवली नाही. थांबलो असतो तर पुन्हा टकटक, पुन्हा परीक्षा. रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला तेव्हासुद्धा चाकं जरा जरा पुढं ढकलतच राहिलो.

दवाखाना बंद व्हायच्या आत पोचलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली. चिमट्यानं इथं दाबलं, तिथं दाबलं. बायकोनं माझा दंड धरला होता, नाडी ओढून तिच्या बोटांना वळ पडले होते.

"करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आजच. पण पाय राहील."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बापाची दोन बोटं कापणार हे ऐकून इतका आनंद झालेली माणसं त्या डॉक्टरांनी कधी बघितली नसतील. बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि मला, काय सांगू, भर दवाखान्यात हुंदका फुटला. मोठा, बेंगरूळ. दाराबाहेर बसलेली माणसं डोकावून बघायला लागली.

"आजोबा, दुखतंय का?" डॉक्टरांनी आण्णांना विचारलं.

आण्णांनी पायाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मला काय झालंय? माजं ऱ्हाऊ द्या मागनं," ते माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले. "आदी ह्या पोराला बगा. कवाचं रडतंय."