माझ्या खेळात तलवार येणार नाही

मंडळी, आज सांगलीतल्या स्पर्धेतून माझा खेळ बाद झाला. तरी मी खुशीत आहे.

टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, असा हा खेळ. त्यातलं जग मी रचलंय: सत्तरच्या दशकातलं, शिराळ्याजवळचं एक गाव. आपलं पात्र ज्याला घाबरतं तेच त्यानं केलं, की त्याची ताकद वाढते.

परीक्षक म्हणाले, "मॅडम, यात शत्रू कुठाय? एखादी लढाई घाला, मग खेळ घेतो."

"लढाई आहे सर. खेळून बघा."

ते बसले नाहीत. आमच्या ग्रुपमधला संदीप बसला. एरवी हा पठ्ठ्या खेळात राक्षस मारत सुटतो. आज तो झाला फौजीची बायको पारू. तिला प्रौढांच्या शाळेत जायचंय, पण सासऱ्यांची भीती. सासरा मी.

"काय गं, कुटं निगालीस?" मी दरडावलं.

संदीप आधी हसला. मग खुर्चीत ताठ बसला.

"आवं मामंजी," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "मी शाळंत चाललीया. इचारत न्हाई, सांगतीया."

मग घाम पुसत मला म्हणाला, "लय अवघड हाय गं. राक्षस परवडला."

परीक्षकांनी जाताना पुन्हा विचारलं, "घालताय ना लढाई?"

"नाही," मी म्हणाले आणि खेळ पिशवीत भरून मिरजेला परत आले. एक ओळही बदलणार नाही.

तुम्ही पारूच्या जागी असता, तर सासऱ्यांना काय म्हणाला असता?