एकोणिसाव्या मजल्यासाठी बर्फाचं पाणी

माणसाचं सगळं आयुष्य दोन श्वासांच्या मधे असतं, आणि ज्याने श्वास जिंकला त्याला जिंकायला दुसरं काही उरत नाही.

हे वाक्य डोंबिवलीतल्या एका तरणतलावाच्या भिंतीवर, ‘तेल लावून पाण्यात उतरू नये’ या सूचनेच्या शेजारी, फ्लेक्सवर छापलेलं होतं. त्याखाली ‘शीतजल व श्वास शिबिर, फक्त महिलांसाठी’. आणखी खाली, बारीक अक्षरांत, ‘टॉवेल स्वतःचा आणावा’. मी आयुष्यभर मराठी शिकवलं असल्यामुळे फ्लेक्स खालून वर वाचते. खरी माहिती तळाशी असते.

तरीही मी नाव नोंदवलं. कारण टिटवाळ्यात होतं, एकोणिसाव्या मजल्यावर.

आदल्या वर्षी वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात तपासलेली मुद्रितं द्यायला गेले आणि लिफ्टमध्ये अडकले. वीज गेली, पंखा थांबला, आणि आत घेतलेला श्वास बाहेर यायचं विसरला. फार वेळ नाही. मला बाहेर काढणाऱ्याने टेबलावर सोडलेला चहा तो परत जाईपर्यंत गरमच होता. पण त्यानंतर कुठल्याही लिफ्टचं दार लागलं की माझी छाती वरच्या वर अडायची. डॉक्टरांनी हृदय पाहिलं, फुप्फुसं पाहिली आणि सगळं उत्तम असल्याचं किंचित निराश होऊन सांगितलं. “भीती आहे, जाईल,” म्हणाले. कुठल्या वाटेने जाईल ते सांगितलं नाही. तोवर मी जिने चढत राहिले.

आणि त्यातच मुलीने टिटवाळ्याच्या नव्या टॉवरमध्ये घर घेतलं. वास्तुशांतीच्या दिवशी माझ्या गुडघ्यांनी सहाव्या मजल्यावर असहकार पुकारला. मी खाली आले आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लेकीची वास्तुशांत व्हिडिओ कॉलवर पाहिली. प्रसाद लिफ्टने खाली आला. निघताना मुलगी एवढंच म्हणाली, “आई, माझं घर तू फोनवरच बघणार का गं?” भांडली असती तर बरं झालं असतं.

शिबिराला मला ओढून नेलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी. त्या मूळच्या देवगडकडच्या, विहिरीत पोहायला शिकलेल्या. “काय गो, पुस्तकं वाचून भीती जाते होय? पाण्यात चल.” डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हरकत घेतली नाही, उलट नंतर काय झालं ते मला सांगा म्हणाले.

डिसेंबर होता. डोंबिवलीचा डिसेंबर म्हणजे पंखा एकवर. प्रशिक्षिका ठाण्याहून आलेली, पांढऱ्याशुभ्र सुती कपड्यांतली, कॉलरला माइक लावून. आम्ही जेमतेम पंधराजणी, त्यामुळे तिचा प्रत्येक निःश्वास भिंतीवर आपटून परत यायचा. मागे स्पीकरवर बासरी. “लेडीज, पाण्याशी फाइट नाही करायची. सरेंडर व्हायचं.” मग तिने आम्हाला आडवं झोपवून पोट फुगवायला आणि आत घ्यायला लावलं. आमच्या वयाच्या बायकांना पोट आत घ्यायचा सराव असतो. फुगवायला सांगणारी ही पहिलीच भेटली.

तलावाचं पाणी तिच्या मते पुरेसं थंड नव्हतं, म्हणून तिने काठावर निळे ड्रम अर्धे कापून केलेले टब मांडले होते आणि फोन करून बर्फाच्या लाद्या मागवल्या होत्या. टेम्पो आला. गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या उतरल्या, फुटल्या, टबात पडल्या. बासरी चालू होती. आणि हळूहळू एक वास पसरला.

“हा कसला वास येतोय हो?” पुढच्या टबात एक पाय टाकलेल्या जोशीण छापाच्या बाईंनी विचारलं.

“बांगड्याचा,” वहिनी म्हणाल्या. “मासळी बाजारातली लादी आहे ही. ते बघा, खवलं.”

“अगंबाई! म्हणजे मी आत्ता...”

“अहो, बर्फ शाकाहारीच असतो.”

प्रशिक्षिकेने माइकमधून सांगितलं की सगळी एनर्जी एकच असते. बाईंनी तो पाय बाहेर काढला आणि शुद्ध होण्यासाठी कढत पाण्याने आंघोळ करायला त्या घरी गेल्या. मला वाटतं, त्या दिवशी मनापासून श्वास सोडलेल्या त्या पहिल्याच.

मग माझी पाळी आली. बर्फाच्या पाण्यात छातीपर्यंत बसल्यावर काय होतं ते मी अनेक लेखांत वाचलं होतं: मन निवतं, विचार थांबतात. विचार थांबले हे खरं. श्वासही थांबला. हुबेहूब वागळे इस्टेट. घशापाशी दार लागलं आणि आतली हवा आतच. प्रशिक्षिका म्हणत होती, “लेट गो... लेट गो...” आणि मी टबाच्या कडा धरून, तोंड उघडं टाकून, नुकत्याच पकडलेल्या माशासारखी तिच्याकडे बघत होते. वास जुळत होताच.

“अगो, पाढे म्हण!” वहिनी शेजारच्या टबातून ओरडल्या.

“क-कसले?”

“एकोणतीसचा! मोठ्याने!”

मराठी शाळेत वाढलेल्या माणसाला पाढा म्हण म्हटल्यावर तो का म्हणायचा हा प्रश्न पडत नाही. “एकोणतीस एके एकोणतीस,” मी किंचाळले. “एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.” आणि हवा बाहेर पडली! श्वास सोडल्याशिवाय शब्द फुटत नाही, ही गोष्ट मी इतकी वर्षं वर्गात बोलून कधी लक्षात घेतली नव्हती. ‘एकोणतीस चोक सोळोदरसे’पर्यंत आवाज थरथरत होता. पुढे तो चक्क सुरात लागला. वहिनींनी साथ धरली. मग तिसऱ्या टबाने. बघता बघता सगळा काठ जिल्हा परिषदेच्या शाळेसारखा गर्जायला लागला, आणि बासरी कुठल्या कुठे गेली. प्रशिक्षिकेने हात जोडले आणि स्वतःच स्पीकर बंद केला. इंग्रजी माध्यमातली होती. पण ठेका धरायला तिला वेळ लागला नाही.

बाहेर आले तेव्हा अंगभर मुंग्या, कान लाल, आणि मला हसू आवरेना. टॉवेल गुंडाळून मी कोणाला काय काय सांगत होते ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की माझ्या छातीच्या आत भरपूर जागा होती. कोणीतरी मधली भिंत पाडून दोन खोल्यांचा हॉल केल्यासारखी.

शिबिर संपलं, पण मी आणि वहिनी जानेवारीभर सकाळच्या बॅचला जात राहिलो. रात्रभर उघड्यावर पडलेलं पाणी, त्यावर वाफेचा पातळ पदर, आणि पहिल्या सुरकांडीला पाठीच्या कण्यातून जाणारी ती वीज! तिची मी इतकी वाट बघायला लागले की गजराआधी जाग यायची. लांब श्वास सोडायला आता पाढाही लागेना. “आता तरी जा लेकीकडे,” वहिनी म्हणाल्या. “की एकोणिसाव्या मजल्यापर्यंत पूर चढल्यावर पोहत जायचं ठरवलंयस?”

गेले. मुलगी खाली घ्यायला आली होती. तोंडाने “घाई नाही हं आई, आपण नंतर पण येऊ शकतो” आणि हाताने लिफ्टचं बटण.

आत स्टीलच्या भिंती, सगळीकडे मीच. मी डोळे मिटले. दार लागलं. श्वास वर चढला, अडला, आणि मी ओठ गोल करून तो सोडायला लागले. लांब, अगदी तळापर्यंत. पुन्हा एकदा. खांदे उतरले. मुलीचा हात माझ्या हातात बर्फासारखा पडला होता, तिलाच म्हटलं, “सोड, श्वास सोड.” तीही सोडायला लागली. लिफ्ट इतकी अलगद जात होती की हलल्याचंही जाणवत नव्हतं. नव्या बांधकामांबद्दल माझ्या मनात पहिल्यांदाच आदर दाटून आला. मी हे करू शकले होते. डोळ्यांत पाणी आलं.

दार उघडलं. समोर वॉचमन. “मॅडम, उन्नीस दबाया ही नहीं आपने.”

त्याने आत हात घालून बटण दाबलं. दुसऱ्यांदा दार लागलं तेव्हा आम्ही दोघी भिंतीला टेकून इतक्या हसत होतो, की श्वासाकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

एकोणिसाव्या मजल्यावर दार उघडलं. समोर शेजाऱ्यांचं चपलांचं स्टँड होतं, फोनवर कधी न दिसलेलं.