पर्यंत म्हणजे कुठपर्यंत

सेतूराव गेल्याचं त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, फोनवर दोनच वाक्यांत सांगितलं. "पाच तारखेला गेले. तेराव्याला या." मी पुण्यात, ते चेन्नईत. तिकीट काढलं आणि मग दिवसभर, खरं सांगतो, रडण्याऐवजी त्यांच्यावर चिडत राहिलो. इतका हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शहराचं नाव मद्रास होतं तेव्हा आम्ही तिथे कार्टून बनवण्याचं सॉफ्टवेअर करत होतो. प्रोग्रॅम माझा, आणि तो वापरून बघायला सेतूराव: जाहिरातपटांसाठी वर्षानुवर्षं पेन्सिलीने चित्रं काढलेला, तंजावरी मराठी बोलणारा गृहस्थ. सेकंदाला चोवीस चित्रं. कुठलं चित्र कधी येतं ते दाखवायला पडद्याच्या तळाशी मी घरं आखलेली एक पट्टी ठेवली होती, आकडे मात्र रेघांवर. 'एक ते चोवीस' लिहिलं की माझा प्रोग्रॅम चोविसाच्या रेघेशी थांबे, म्हणजे तेविसावं चित्र दाखवून. शास्त्र तसंच होतं, निदान माझं.

"चोवीसपर्यंत म्हणट्लं तर चोवीस आलं की," सेतूराव म्हणत.

"पर्यंत म्हणजे तिथवर. ते सोडून."

"आवडी स्टेशनपर्यंत टिकेट काढतोस, मग आवडीच्या आधीच उतरतोस काय?"

हा वाद रोजचा. डबा खाताना, बसची वाट बघताना... "आकडा रेघेवर कशाला, पा? घरात लिही. चित्र घरात राहतं, रेघेवर कोण राहतं?" मी म्हणे, मग पंचवीस लिहा ना, काय बिघडलं? तिथेच घोडं पेंड खायचं. जे चित्र काढलंच नाही त्याचा आकडा लिहायला ते तयार नव्हते. शेवटी एकदा चार माणसांसमोर मी आवाज चढवला. "तुम्हाला कॉम्प्युटर कळत नाही, सेतूराव." त्यानंतर ते त्या पट्टीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

गिऱ्हाइकांना दाखवायचा दिवस आला. सेतूरावांनी भाताच्या शेतात उतरणारा बगळा काढला होता. चोविसाव्या चित्रात त्याचा पाय चिखलाला लागतो. पडद्यावर बगळा खाली आला, पंख मिटले आणि... अधांतरीच राहिला. गिऱ्हाइकं हसली. 'सांगितलं नव्हतं?' एवढं तरी त्यांनी म्हणायचं. पण ते साहेबांना म्हणाले, "माझीच चूक, सर. आकडा मी चुकीचा घातला." पुढच्या कामावर त्यांना घेतलं नाही. आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुढे पुण्याची नोकरी धरली. पत्र लिहायचं दरवर्षी ठरवत होतो.

अठरा तारखेला सकाळी त्यांच्या दारात पोचलो तर बाहेर एकही चप्पल नव्हती.

"काल झालं तेराव्याचं अस्कं," काकू म्हणाल्या. "तुमचं पान वाढून ठेवलं होतं."

पाच अधिक तेरा, अठरा. गेल्याचा दिवस मी धरलाच नव्हता. आईने लहानपणी शिकवलेली गोष्ट, पण माझ्या डोक्यात शून्यापासून मोजायचं खूळ इतकं मुरलेलं! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"काकू, बगळ्याच्या वेळी चूक माझी होती," मी एकदाचं म्हणालो.

"ठाऊक आहे. त्यांनीच सांगट्लं होतं. तुमचं पत्र येईल म्हणून बघत होते."

त्यांनी मला सेतूरावांच्या खोलीत बसवलं. चित्र काढायच्या फळीवर पिवळा पडलेला एक कागद अजून चिकटवलेला होता. हाताने आखलेली चोवीस घरं, प्रत्येक आकडा घराच्या मधोमध, आणि शेवटच्या घरात चिखलात रुतलेला बगळ्याचा पाय.

काकू भात गरम करत होत्या. आतूनच त्यांनी विचारलं, किती दिवस राहणार?

"रविवारपर्यंत," मी म्हणालो. आणि मग घाईघाईने, "रविवार धरून."