मुका मध्यम

एकोणीसशे नव्वदनंतरची सहा-सात वर्षं मी सांगवीच्या विहारात पेटी वाजवली. आठवडाभर शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घ्यायचे आणि रविवारी सकाळी वंदना झाली की तासभर गाणी. पेटी मी माहेरी, पळसदेवला, वडिलांकडून शिकले होते. सासरी आले तेव्हा विहारात पेटी होती आणि वाजवणारं कुणी नव्हतं. अडला नारायण म्हणतात तसं गावानं नव्या सुनेपुढं पेटी सरकवली, आणि मी काही लाजून बसणाऱ्यातली नव्हते.

पेटी म्हातारी होती. मधल्या सप्तकातली पहिली काळी पट्टी दाबली की सुराऐवजी नुसती हवा यायची. आमच्या बायकांचा आवाज काळी चारमध्ये बसायचा, आणि तिथून सा धरला की नेमका मध्यम, म्हणजे सारेगममधला म, त्या मुक्या पट्टीवर यायचा. दुसरी पट्टी धरून पाहिली, तर निम्म्या बायका घोगऱ्या झाल्या आणि निम्म्या गप्प बसल्या. शेवटी बोटांनीच वाट काढली. अलीकडच्या गंधारावरून थेट पलीकडच्या पंचमावर जायचं, रस्त्यातला चिखल चुकवतो तसं.

गाणी मात्र सगळी सिनेमाच्या चालीवर. शब्द आपले, चाल पिच्चरची, ही आमच्याकडची जुनी रीत. मला ती मनापासून आवडत नसे. माझ्या डोक्यात स्वतःच्या चाली घोळत असायच्या, पोळ्या लाटताना, वह्या तपासताना, एसटीची वाट पाहताना. पन्नाशीनंतर सही करायला शिकलेल्या आईवर मी एक गाणं लिहिलं, त्याला स्वतःची चाल लावली आणि विहाराचा कारभार पाहणाऱ्या आबांना म्हणून दाखवली.

आबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बाई, वंगाळ न्हाय. पर चाल वळखीची पायजे. माणसं तोंडात कशी धरत्याली?"

"धरतील, आबा. एक संधी द्या."

"देतो की. वैशाखी पुनवंला म्हना. लोकांनी तोंडात धरली तर तुमची चाल, न्हायतर पुन्यांदा हा हट्ट करायचा न्हाय."

मी "बरं" म्हटलं आणि घरी येऊन घाबरले. बाकी कुणाला हा पोरखेळ वाटला असेल, मला नाही. आपण केलेली एक तरी चाल गावात राहावी, एवढीच माझी हाव होती, आणि तिचा निकाल एका सकाळी लागणार होता.

हिवाळाभर रविवारी बायकांना गाणं शिकवलं. त्यांनी ते उचललं आणि खुरपायला जाताना बरोबर नेलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं नाही. खुरपताना बायका काहीही म्हणतात, असं मी धरून चालले.

उन्हाळ्याच्या तोंडावर बारामतीत एका कार्यक्रमात आम्ही ते गाणं म्हटलं. तिथं गाण्याच्या क्लासचे एक गुरुजी होते. ते मुद्दाम उठून माझ्याजवळ आले. "बाई, मध्यम वर्ज्य केलात. एवढा संयम हल्ली दिसत नाही." मी मान खाली घालून ती स्तुती गिळली. घरी येऊन माझ्या सगळ्या चाली मनात म्हणून पाहिल्या. नऊच्या नऊ चालींत एकातही मध्यम नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला संगीतकार समजत होते, आणि चाली कोण करत होतं, तर ती मुकी पट्टी. हसू आलं आणि रागही आला.

सुट्टीत माहेरी जाताना पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसले. इंदापुरात वडिलांच्या ओळखीचे एक चाचा होते. शिलाई मशीन, स्टोव्ह, पेटी, जे येईल ते दुरुस्त करायचे. त्यांनी पेटी उघडली, आत डोकावले आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"हितं कुंभारमाशीनं घर केलंय बघा. किती वर्सं वाजवताय अशी?"

मी आकडा सांगितला नाही. त्यांनी माती खरवडली, सुराची पितळी पट्टी पुसली, भाता हलवला आणि मध्यम बोलला. काय गोड बोलला.

मग माझं डोकं फिरलं. नवा श्रीमंत जसा प्रत्येक बोटात अंगठी घालतो, तसा मी त्या गाण्यात जागोजागी मध्यम घातला. चाल आता खरी माझी झाली, असं वाटलं. पौर्णिमेला चार दिवस उरले होते. बायकांना बसवून सुधारलेली चाल शिकवली. त्यांनी "व्हय बाई, व्हय बाई" म्हणत माना हलवल्या.

वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी विहार भरला होता. वंदना झाली, आबांनी खूण केली, मी सूर धरला. पहिली ओळ कशीबशी निभली. दुसऱ्या ओळीत मी मध्यमावर गेले आणि बायका जुन्या सवयीनं थेट पंचमावर. पेटी एकीकडं, गाणं दुसरीकडं. मी पट्ट्या जोरात दाबल्या, डोळे वटारले. त्यांनी आवाज चढवला. लोक पेटीकडं बघायला लागले. संपलं सगळं, असं वाटून मी हात उचलला.

गाणं थांबलं नाही. बायका पेटीशिवाय म्हणत राहिल्या. तिसऱ्या ओळीला मागं दाराशी उभ्या असलेल्या बायका मिळाल्या, ज्या कधी रविवारी आल्याही नव्हत्या. मग बाप्येही गुणगुणायला लागले. खुरपणीनं ते गाणं बांधाबांधानं केव्हाच घरोघर नेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. आबा टाळी देत प्रत्येक शब्द म्हणत होते, गंधारावरून पंचमावर अचूक जात होते. मी मात्र हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

गाणं संपल्यावर आबा वाकून हळूच म्हणाले, "बाई, चाल आमाला समद्यास्नी येती. पेटी तेवढी बिघडलीया. नीट करून आना."

"व्हय आबा," मी म्हटलं, "आणते."