कामगार सोडून कुठलाही शब्द

बाबलशेठ काजूगर चाखायचा तो अर्धाच. वातड लागला की दातांची खूण असलेला उरलेला तुकडा परत डब्यात. वर बोटं शर्टाला पुसून म्हणायचा, "वाया घालवूचा नाय." ते डबे पर्यटकांना 'घरगुती, प्रेमाने भाजलेले' म्हणून विकले जात. ते पाहिल्यापासून मी काजू खात नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण याच्याबद्दल वाईट वगळलं तर बोलायला काही उरतच नाही, आणि गप्प बसायचं तेवढं मी सात वर्षं बसलो आहे.

कसालपासून आत एका वाडीत त्याची काजूची फॅक्टरी. पत्र्याची शेड, चौदा बाया आणि एक कारकून, म्हणजे मी. मराठी घेऊन एम.ए. झालो, शाळेत काही लागलो नाही. तरी सगळे मला मास्तरच म्हणत. पहिल्याच दिवशी बाबलशेठने विचारलं, "मास्तरा, कामगार ह्या शब्दाक दुसरो शब्द काय रे?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेतोय. मी हुशारी दाखवत सुटलो: श्रमिक, मजूर, कष्टकरी, गडी, नोकर. एकेका शब्दाला तो तोंड वाकडं करी. "ह्येंका सगळ्यांका घामाचो वास येता. जरा बरो शब्द व्हयो." शेवटी मी 'सहयोगी' काढला. तो खूश झाला आणि त्याने मला चहा पाजला. त्या चहाची आज मला शिसारी येते.

वर्षभराने 'सहयोगी'ही त्याला जड वाटू लागला. मग 'ताई' आल्या, मोबाईलवर 'आपली फॅमिली' नावाचा ग्रुप आला आणि शेवटी 'घरची माणसं' यावर गाडी थांबली. त्यामागचं तत्त्वज्ञान तो मला उघड सांगायचा. "कामगार म्हटला की पाठसून कायदो इलो. घरचा माणूस म्हटला की कायदो उंबऱ्याभायर." दिवाळीला बायांच्या हातात मिठाईचे पुडे देऊन फोटो काढायचा आणि फोटो झाला की चौदापैकी बारा पुडे परत कपाटात. या घरच्या माणसांना शेजारच्या त्याच्या घरातला संडास वापरायला मनाई होती. पावसापाण्यातसुद्धा त्या मागच्या बागेत जात.

त्यांच्यातली सुलूमावशी धामापूरची. अकरा वर्षं काजू फोडत होती. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. हातमोजे मागितले तर बाबलशेठ म्हणे, "घरात काम करताना तुमी मोजे घालतास?" मावशीच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजून भाजून आत वळली. डॉक्टरांनी सांगितलं, लवकर शस्त्रक्रिया केली तर सरळ होतील. उशीर केला तर नाही. कामगार म्हणून नाव नोंदलेलं असेल तर सरकारी विम्याचं कार्ड मिळणार होतं आणि त्या कार्डावर हे सगळं फुकट होणार होतं. पाहिजे होती ती फक्त मालकाची नोंद.

पुढच्याच महिन्यात कामगारांची नोंद तपासायला एक साहेब आले. मावशी त्या दिवशी नवं लुगडं नेसून आली होती.

"किती कामगार आहेत तुमच्याकडे?" साहेबांनी विचारलं.

बाबलशेठने डोळ्यांत पाणी आणलं. खरंच आणलं, मी समोर होतो. "साहेब, आमच्याकडे कामगार एकही नाही. ही सगळी आमच्या घरची माणसं. रिकाम्या वेळात मदतीला येतात."

साहेब माझ्याकडे वळले. "रजिस्टर काय म्हणतं?"

मी रजिस्टर पुढे केलं. वर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मदतीस आलेल्या घरच्या भगिनी'. मावशी दारातून माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती, एवढंच. मी नाही उघडलं. साहेब काजूचा डबा घेऊन गेले. मावशीची बोटं तशीच राहिली. पुढे ती डाव्या हाताने गर निवडू लागली.

गेल्या वर्षी बाबलशेठ जेवता जेवता गेला. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. घरात सुतक चालू असतानाच तिसऱ्या दिवशी त्याच्या मुलाने फॅक्टरी उघडली, कारण ऑर्डर होती. बाया नेहमीसारख्या आल्या. सुलूमावशी मात्र कामाला न बसता माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मास्तरा, तू शिकलेलो. आमका सुतक किती दिवसांचा रे? परवा माका भगवतीची ओटी भरूची आसा."

थट्टा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. देवाच्या दारात चूक होऊ नये, एवढीच तिला काळजी होती. मागे सगळ्या बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या.

"तुमका सुतक नाय, मावशे."

"कित्याक नाय? आमी घरची माणसा ना?"

"नाय. तुमी कामगार."

त्या शेडमध्ये हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. मावशीने उजवा हात माझ्या रजिस्टरवर ठेवला. दोन बोटं कागदावर सरळ टेकली नाहीत.

"ह्यो शब्द त्या दिवशी साहेबासमोर खंय होतो रे तुझो?"