मेहुणीची शिडी

माझ्या व्यवसायात माणसाला प्रत्येक विषयावर मत असावे लागते. न्यायालयाच्या कुंपणालगत टेबल मांडून मी गेली अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. नळजोडणीपासून पोटगीपर्यंत जे जे म्हणून मागता येते, ते सर्व मी या ना त्या पक्षकारासाठी मागून दिलेले आहे. शाळेचा आणि माझा संबंध आठवीत परस्परसंमतीने संपला, तथापि भाषेचा संपला नाही. त्यामुळे धाकट्या मेहुणीला शिडी घ्यायची आहे असे कानी आले, तेव्हा माझा सल्ला त्यात गृहीतच धरलेला असणार, असे मी मानले. तो कोणी मागितलेला नव्हता, ही बाब माझ्या निदर्शनास नंतर आली.

मेहुणी बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि पडदे शिवते. शिवलेले पडदे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन लावण्याचे काम एक फिटर करीत असे. एका मोठ्या दुकानाने त्याला नोकरीवर ठेवून घेतले आणि मग तेच दुकान लोकांना सांगू लागले, की कापड, शिलाई आणि फिटिंग, सारे आमच्याच छताखाली मिळेल. नुसते पडदे शिवून हातात देणाऱ्या बाईकडे मग कोण येणार? काही घरे हातची गेल्यावर मेहुणीने ठरवले, की आता पडदे आपणच लावायचे. तिने ड्रिल आणले आणि स्वतःच्या स्वयंपाकघराच्या भिंतीची चाळण करून हात बसवला. अशात हिंजवडीच्या एका नव्याकोऱ्या इमारतीतले काम तिच्याकडे आले. त्या घरी वास्तुशांत होती, आणि आदल्या संध्याकाळपर्यंत सर्व खिडक्यांना पडदे लागलेच पाहिजेत, अशी अट होती. त्या मजल्यावरच्या इतर घरांच्या खिडक्या अजून उघड्याच होत्या. तिथले लोक कोणाला बोलवायचे, ते या घराकडे पाहूनच ठरवणार होते. काम साधले तर मेहुणीचा धंदा उभा राहणार होता. फसले तर त्याच दुकानाची शिलाई घरी आणून करण्याची पाळी तिच्यावर येणार होती.

सर्व तयारी झाली होती. शिडी तेवढी नव्हती.

मेहुणी आणि मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदार पेपर वाचीत होते. मी घसा साफ करून प्रकरणाची मांडणी केली.

"आम्हांस एक शिडी पाहिजे. मजबूत, टिकाऊ आणि कामास साजेशी."

"बरं झालं सांगितलंत," पेपरामागून आवाज आला. "बाकीचे लोक मोडकी मागतात."

माझी नजर एका भव्य वस्तूवर खिळली होती. ॲल्युमिनियमचा उंच घोडा, रुंद पायऱ्या, आणि वर उभे राहण्यासाठी चौकोनी फळी. भिंतीचा आधार न घेता तो स्वतःच्या पायांवर उभा होता. हा गुण मला माणसांतही आवडतो. भार पेलतो की नाही हे पाहण्यासाठी मी स्वतः वर चढलो आणि फळीवर उभा राहून त्याच्या गुणांचे विवेचन केले. विवेचन संपल्यावर मात्र एक अडचण ध्यानात आली. चढताना पायऱ्या डोळ्यांसमोर असतात. उतरताना त्या मागे जातात. या वस्तूची ही मोठीच उणीव आहे, आणि ती कोणी आधी सांगत नाही.

"दाजी, उतरताय ना?" मेहुणीने विचारले.

"पाहणी चालू आहे."

"मग एक अर्जच लिहून टाका तिथून. वरच्या कोर्टात थेट पोचेल."

दुकानदारांनी पेपर थोडा खाली केला. "तोंड शिडीकडे करा आणि या. गिऱ्हाईक उतरवून देण्याची सोय आमच्याकडे नाही."

मी उतरलो. घोडा उत्तम आहे, असा अभिप्राय दिला.

"उत्तमच आहे," मेहुणी म्हणाली. "पण मी जाते स्कूटरवरून. स्कूटरवर घोडा बसवू, का घोड्यावर स्कूटर?"

मी घोड्याची शिफारस मागे घेतली. मग दुकानदारांनी एक आखूड, जाडजूड गाठोड्यासारखी वस्तू पुढे ठेवली आणि तिचे वरचे टोक धरून ओढले. एकातून एक नळ्या निघत गेल्या, प्रत्येक पायरी खट्ट आवाज करून जागच्या जागी बसली आणि पाहता पाहता शिडी छताला भिडली. मेहुणीचे डोळे लकाकले. मीही ती मिटवून पाहिली. मिटताना माझ्या उजव्या हाताचे बोट दोन पायऱ्यांच्या मध्ये सापडले. तेच बोट, ज्याच्या आधाराने मी लेखणी धरतो.

"बोटं जपा," दुकानदार म्हणाले. "गॅरंटी शिडीची आहे."

बोट झटकत असतानाच मला प्रश्न सुचला. समोरचा पक्ष काय म्हणेल, याचा आधी विचार करणे ही माझी जुनी सवय. मी विचारले, "ही टेकवायची कशावर? पडदा खिडकीवर लागतो. खिडकीला काच असते. शिडी काय काचेवर टेकवणार?"

मेहुणीने शिडीवरून हात काढून घेतला. दुकानदारांनी पेपराची घडी घातली, ही त्यांच्याकडून मिळालेली पावतीच म्हणायची. ते आत गेले आणि तशाच सरकत्या नळ्यांची, परंतु दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेली दुसरी शिडी घेऊन आले. उघडली की ती घोड्यासारखी स्वतः उभी राहत होती आणि मिटली की स्कूटरवर मावत होती. मेहुणी चढून, उतरून, हलवून पाहून आली आणि म्हणाली, "हीच." तो प्रश्न मी विचारला होता, याची नोंद तिथे कोणी घेतली नाही, म्हणून ती येथे करून ठेवतो.

घरी आल्यावर माझी पत्नी म्हणाली, "अहो, नवी वस्तू आहे. हळदकुंकू लावल्याशिवाय कामाला न्यायची नाही," आणि ती तबक आणायला आत गेली. मेहुणी खाली आपल्या घरी पडद्यांची शेवटची टीप मारीत बसली होती. शिडीजवळ मी एकटाच होतो. माझा कोणताही अर्ज माथ्यावर श्री लिहिल्याशिवाय सुरू होत नाही. इतक्या महत्त्वाच्या कार्याचा आरंभ त्याविना व्हावा, हे मनाला पटेना. शिडीचा आरंभ खालच्या पायरीपासून होतो, म्हणून मी देवापुढचे चिमूटभर कुंकू आणून तिच्यावर श्री लिहिले. ते बोट लागताच पुसले जाऊ लागले. तेव्हा लिफाफ्यांवर पत्ते लिहिण्याचा, पावसातही न पुसला जाणारा माझा काळा पेन मी घेतला. एका पायरीला मान द्यायचा आणि बाकीच्यांना डावलायचे, हे बरे दिसत नाही. म्हणून सर्व पायऱ्यांवर लिहिले. एका बाजूस लिहून दुसरीवर अन्याय नको, म्हणून दोन्हीकडे लिहिले. अक्षर सुरेख आले होते. नंतर मी शिडी मिटवली, पायऱ्या एकमेकींवर बसल्या आणि सगळी अक्षरे झाकली गेली. पत्नीने वरच्या टोकाला हळदकुंकू वाहिले आणि मला फर्मावले, "उद्या तुम्हीही जा तिच्याबरोबर. पहिलंच काम आहे, शिडी धरायला कुणीतरी हवं."

दुसऱ्या दिवशी मी टेबल बंद ठेवले. मेहुणी स्कूटर चालवीत होती आणि मी मागे शिडी कवेत घेऊन बसलो होतो. हिंजवडीच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये आम्ही इतका वेळ अडकून राहिलो, की खिडकीत बसलेल्या एका तरुणाने मला "काका, बाळ झोपलंय का?" असे विचारले. इमारतीच्या दाराशी वॉचमनने अडवले. "शिडी मालाच्या लिफ्टनं न्यायची." मग त्याने शिडीकडे पाहिले. "एवढीशी? हिच्यावरून कोण चढतं, मांजर?" असे म्हणून त्याने आम्हांला साध्या लिफ्टने जाऊ दिले.

घरमालक नवरा-बायको कामावर गेले होते. घरात मालकाच्या वृद्ध आई उद्याच्या पूजेची तयारी करीत होत्या. मेहुणीने हॉलच्या मोठ्या खिडकीपाशी शिडी उघडली, प्रत्येक पायरीचा खट्ट आवाज कान देऊन ऐकला, चपला काढल्या आणि पाय उचलला. तो पाय तसाच अधांतरी राहिला.

"दाजी, हे काय आहे?"

"श्री."

"ते मलाही वाचता येतं. पायरीवर कशाला?"

"शुभारंभ म्हणून."

"मग पाय कुठे ठेवू? शुभारंभावर?" ती वळसा घालून पलीकडे गेली. "इकडे पण?"

"दोन्ही बाजूंना समान न्याय केला."

तिने फडके ओले केले खरे, पण पुसायला हात पुढे होईना. कुणाच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी श्री पुसायचे? डोळे मिटून एकदा पुसून पाहिले, तर माझा पेन तिच्याहून खंबीर निघाला. मी सुचवले, की वरून कागद चिकटवावेत. ती म्हणाली, "कागदाखाली देव नसतो का?" सोसायटीची शिडी मागायला मी खाली गेलो. वॉचमन म्हणाला, त्यासाठी सेक्रेटरींची परवानगी लागते आणि सेक्रेटरी गावाला गेले आहेत. वर येऊन मी म्हणालो, "मी लेखी अर्ज देऊन ठेवू शकतो." त्यावर मेहुणीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन मी कोणत्याही अर्जात करणार नाही.

ऊन खिडकीतून आत सरकत होते. पडद्यांच्या घड्या जमिनीवर रचलेल्या होत्या. मेहुणी त्यांच्याशेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "संध्याकाळी सगळे येतील. उघड्या खिडक्या बघतील. आणि उद्या त्या दुकानाचा फिटर इथे उभा असेल, बघा तुम्ही."

मी तिची चेष्टा बरेचदा करतो, ती माझी त्याहून जास्त करते. परंतु त्या क्षणी मी एक पडदा उचलून त्याची घडी पुन्हा घालीत बसलो.

मालकाच्या आई तांदूळ निवडता निवडता सूप घेऊनच बाहेर आल्या. सारा प्रकार त्यांनी ऐकला, चष्मा नीट करून पायऱ्या वाचल्या.

"अगं, सकाळी उठून जमिनीला पाय लावतेस ना? तीही देवीच. आधी हात लावून माफी मागायची आणि मग दिवसभर तुडवायची. आपल्याकडे तसंच चालत आलंय. इथेही तसंच कर." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय, पूजा वगैरे सांगता?"

"नाही. अर्ज लिहितो."

"तरीच," असे म्हणून त्या आत गेल्या.

मेहुणी उठली. तिने पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, मग दुसरीला, मग तिसरीला. वर पोचली तेव्हा ड्रिल खालीच राहिले होते. ती तशीच नमस्कार करीत खाली आली, ड्रिल घेतले आणि पुन्हा पहिल्या पायरीशी थांबली.

"दाजी, तुम्ही लोकांच्या वतीनं माफी मागता ना?"

"तो माझा व्यवसायच आहे."

"मग मागा. मी चढते."

आणि ती चढली. त्या दिवशी दुपारभर मी एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने, मेहुणीच्या वतीने, पायऱ्यांची क्षमा मागत होतो. ती वर गेली की नमस्कार, खाली आली की नमस्कार. हात थोडा थांबला तर वरून आवाज येई, "दाजी, मागताय ना?" सिमेंटचा भुगा माझ्या डोक्यावर पडत होता. मी इतक्या लोकांसाठी विनंत्या लिहिल्या, परंतु एवढ्या सलगपणे आणि इतक्या मनापासून एकही केली नव्हती. ड्रिल भिंतीत शिरताना शिडी थरथरे, तेव्हा माझा नमस्कार थोडा अधिकच खोल होई.

हॉल झाला, मग बेडरूम झाल्या. शेवटच्या खिडकीचा रॉड किंचित तिरपा वाटला, तेव्हा तो तिने काढून पुन्हा बसवला. दिवे लागायच्या सुमारास घरमालक नवरा-बायको आले आणि दारातच थबकले. पडदे सरळ, चुण्या सारख्या, खालची कड जमिनीला स्पर्शेल न स्पर्शेल अशी. त्यांच्या मागोमाग समोरच्या घरातल्या बाई डोकावल्या.

"अय्या, कुणी केलं हे? आमचे पडदे दुकानातून शिवून आलेत, पण त्यांचा माणूस चार वेळा तारीख बदलतोय."

"मीच," मेहुणी केसांतला भुगा झटकत म्हणाली. "शिवलेही मीच, लावलेही मीच."

"ही शिडी द्याल का थोडा वेळ? आमचे हे म्हणताहेत, मीच लावतो."

मेहुणीने त्यांच्या उघड्या दारातून आतल्या उघड्या खिडक्यांकडे पाहिले.

"शिडी एकटी जात नाही कुठे, ताई. शिडीबरोबर मी येते. आत्ता रॉडची मापं घेऊ?"

बाईंनी वळून आत विचारले. आतून, "घेऊ द्या, घेऊ द्या," असा सुटका झालेल्या पुरुषाचा आवाज आला. मेहुणीने पिशवीतून टेप काढला आणि ती समोरच्या घरात शिरली. तिथूनच तिने हाक मारली.

"दाजी, इथली माफी झाली असेल तर शिडी घेऊन या. इकडची मागायची आहे."